परदेशात स्वस्त खेडं आणि गांजाची शेती : दारव्ह्याच्या एका पोट्ट्याला सविस्तर उत्तर

भाऊ, तुझं म्हणणं मला नीट कळलं का ते आधी बघ. दारव्हा तालुक्यात वडिलांच्या नावावर पाच एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर. बोंडअळीला आणि कापसाच्या भावाला कंटाळलास. त्यातलं थोडं विकून परदेशात एखाद्या खेड्यात घर आणि त्याला लागून जागा घ्यायची, कायद्यात बसेल असा गांजा लावायचा आणि त्यावर जगायचं. कोणता देश, कोणता भाग, कुठं स्वस्त पडेल, एवढं तू विचारलंस. मी पुसदकडचा. आता कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉन नदीच्या काठी कार्लटन काउंटीत राहतो. हा सगळा बटाट्याचा पट्टा. घरामागे उन्हाळ्यात चार झाडं लावतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

तू विचारलेले देश आधी निकालात काढू. पोर्तुगालबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे. तिथं 2001 पासून स्वतःपुरता थोडा माल जवळ बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण घरी एक झाड लावणं आजही गुन्हाच आहे. औषधी लागवडीचा परवाना आहे, तो कंपन्यांच्या खिशाचा. थायलंडनं जून 2022 मध्ये गांजा मोकळा केला आणि जून 2025 मध्ये फुलांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणून ठेवली. शिवाय परदेशी माणसाच्या नावावर तिथं जमीन होत नाही. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा आहे, पण त्याचं तिथं किमान सहा महिन्यांचं वास्तव्य लागतं. उरुग्वेत घरामागे सहा झाडं चालतात, पण नोंदणी करून, आणि ती नागरिकाला किंवा कायम रहिवाशालाच मिळते.

म्हणजे कुठंही गेलास तरी झाड लावण्याचा हक्क राहण्याच्या हक्कामागून येतो. तुझा सगळा बेत याच्या उलट्या क्रमानं बांधलेला आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलो.

कॅनडाचा कायदा 17 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे. एका घराला चार झाडं. माणशी नव्हे, घराला. घरात सहा जण असले तरी चारच. बी किंवा रोप परवान्याच्या दुकानातूनच घ्यायचं. घरचा माल कुणाला विकायचा नाही, शेजाऱ्यालाही नाही. क्युबेक प्रांतात घरी एकही झाड लावता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये ती बंदी कायम ठेवली. मॅनिटोबातही बंदी होती, ती 2025 च्या मे महिन्यात उठली. आमच्या प्रांतात बाहेर लावायचं तर भोवती किमान 1.52 मीटर उंचीचं कुलूपबंद कुंपण लागतं, आत लावायचं तर वेगळी कुलपाची खोली. भाड्याच्या घरात मालक सरळ नाही म्हणू शकतो.

आता हे नीट वाच. मर्यादेबाहेरच्या लागवडीला कायद्यात 14 वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिलेली आहे. ज्या गुन्ह्याला 10 वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकते असा गुन्हा नागरिक नसलेल्या माणसावर सिद्ध झाला, तर प्रत्यक्ष शिक्षा किरकोळ झाली तरी त्याचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, जाऊ शकतं. इथं जन्मलेल्या माणसाचं जिथं दंडावर भागतं, तिथं तुझं-माझं अख्खं बिऱ्हाड उठू शकतं. म्हणून चार म्हणजे चार.

चार झाडांवर पोट भरत नाही हे तुलाही कळत असेल, म्हणून तू परवान्याचं विचारलंस. छोट्या लागवडीचा परवाना आहे. आधी त्यात 200 चौरस मीटर क्षेत्र बसायचं, 2025 पासून 800 चौरस मीटर झालं. ऐकायला बरं वाटतं. पण जागा नियमाप्रमाणे पूर्ण बांधून झाल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. कुंपण, हवा खेळवायची यंत्रं, माल ठेवायची खोली, सगळं आधी तुझ्या पैशांनी, आणि परवाना नंतर. सुरक्षा तपासणी वेगळी. वर अबकारी कर: सुक्या फुलावर ग्रॅममागे 1 डॉलर किंवा किमतीच्या 10 टक्के, जे जास्त असेल ते. कायदा झाला तेव्हा भाव चांगला होता, तेव्हा हा कर कुणाला बोचला नाही. मग माल उदंड झाला, भाव पडले, कर तसाच राहिला. मोठमोठ्या कंपन्यांनी काचघरं बंद केली. कापसाचा भाव पडल्यावर काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. मी स्वतः या धंद्यात पैसा घालणार नाही आणि तुझ्या बाबांचा पैसा तर मुळीच घालू देणार नाही. काम शिकायचंच असेल तर एखाद्या चालू काचघरात नोकरी कर, पगार घे, हात बसू दे.

मग राहण्याचा हक्क कसा मिळतो? घर विकत घेतल्यानं मिळत नाही. पूर्वी शेती विकत घेऊन चालवणाऱ्याला संघराज्याच्या स्वयंरोजगार योजनेतून पीआरचा अर्ज करता यायचा. तो भाग मार्च 2018 मध्ये काढून टाकला, आणि 2024 पासून ती योजनाच थांबवलेली आहे. नागपूरचा एखादा एजंट अजूनही ही वाट दाखवत असेल तर त्याच्या खुर्चीवरून उठ. तुझ्यासारख्याला खरी वाट म्हणजे अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अशा चार प्रांतांसाठी तो आहे. प्रांतानं मान्यता दिलेल्या मालकाकडून नोकरी लागते, इंग्रजीची परीक्षा लागते आणि मागच्या पाच वर्षांत 1560 तासांचं पगारी काम लागतं. घरच्या वावरात राबलेले तास यात धरत नाहीत. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, पण नियम आहे. आणखी एक बारकावा: नुसता शेतमजूर या योजनेत बसत नाही, शेतीची यंत्रं चालवणारा बसतो. तेव्हा ट्रॅक्टर, हार्वेस्टरवर कुणाकडे तरी रीतसर पगारी काम धर. पगार बँकेत जमा होऊ दे, नेमणुकीचं पत्र ठेव. नोकरीच्या पत्रासाठी कुणी पैसे मागितले तर तो व्यवहारच बेकायदेशीर आहे, मग मागणारा आपल्या गावचा का असेना.

आता भाग निवडायचं. तू नकाशावर किमती बघून ठिकाणं काढलीस, त्यात सस्कॅचेवानची ओसाड होत चाललेली गावं आहेत. घरं स्वस्त आहेत हे खरं, पण परदेशी माणसाला तिथं एकूण 10 एकरांच्या वर शेतजमीन घेता येत नाही. नोव्हा स्कोशियात प्रांताबाहेरचा माणूस घर घेतो तेव्हा एप्रिल 2025 पासून 10 टक्के जादा कर लागतो. सहा महिन्यांत तिथं राहायला गेलास तर सुटका. ब्रिटिश कोलंबियाच्या कुटनेमध्ये गांजाची जुनी परंपरा आहे, हवा चांगली, पण जमीन तुझ्या आवाक्यात नाही. परदेशी लोकांना घरखरेदीची जी बंदी 1 जानेवारी 2027 पर्यंत आहे ती शहरं आणि त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यांना लागू आहे, खऱ्या खेड्यांना नाही. तरी माझं सांगणं एकच: पीआर हातात येईपर्यंत भाड्यानं राहा आणि एक अख्खा हिवाळा त्याच भागात काढ.

आमच्याकडे घरं स्वस्त का, तर तरुण माणसं शहरात गेली, हिवाळा लांब आहे आणि फॅमिली डॉक्टर मिळायला नंबर लावून बसावं लागतं. प्रांत इंग्रजी-फ्रेंच द्विभाषिक आहे. वर एडमंडस्टनकडे गेलास तर दुकानात, शाळेत फ्रेंच चालते. कार्लटन काउंटीत इंग्रजीवर सगळं भागतं. काम बटाट्याचं, लाकडाचं आणि ट्रकचं. गाडीशिवाय पान हलत नाही, आणि हिवाळी टायरचा दुसरा जोड ठेवावाच लागतो.

घर बघायला जाशील तेव्हा रंगकाम बघू नको, आधी तळघरात उतर. दगडी भिंतीवर पाण्याची रेघ आहे का बघ. एप्रिलमध्ये बर्फ वितळतो तेव्हा पाणी तिथंच भरतं. तेलाच्या टाकीवर बनावटीची तारीख असते, ती वाच. टाकी जुनी असेल तर विमावाले घराचा विमा उतरवत नाहीत. लाकडाची चूल असेल तर तिचा तपासणीचा कागद माग. पाणी बोअरचं असतं, त्याची तपासणी जंतूंसाठी तर करच, पण आर्सेनिकसाठीही कर, कारण इथल्या काही खडकांत ते मुळातच आहे. सांडपाण्याची टाकी कधी उपसली ते विचार. जळण कॉर्डच्या मापानं मिळतं, एक कॉर्ड म्हणजे 128 घनफूट. ते वसंतातच घेऊन वाळवायचं. ओलं लाकूड जाळलं तर धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि त्यालाच आग लागते.

माती तुला परकी वाटेल. आपली काळी माती चुनखडीची, इथली आंबट. चुना टाकल्याशिवाय काही नीट येत नाही. दर वसंतात गोठलेली जमीन फुगते आणि दगड वर ढकलते, ते वेचणं हे इथलं पहिलं काम. कडाका मेअखेरपर्यंत, कधी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतो आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर पुन्हा कधीही पडतो. गांजाच्या झाडाला याचा फटका कसा बसतो ते समजून घे. जूनमध्ये इथं दिवस पावणेसोळा तासांचा असतो, त्यामुळे साधं झाड नुसतं वाढत राहतं, फुलावर येतं ऑगस्टमध्ये, आणि पिकायला ऑक्टोबर लागतो. तोवर कडाका पडून गेलेला असतो. म्हणून इथं उजेडाच्या तासांवर न अडणाऱ्या ऑटो जाती लावतात. बी मेमध्ये घरात रुजवायचं, रोप जूनमध्ये बाहेर न्यायचं, ऑगस्टअखेर काढणी.

त्यातही सप्टेंबरच्या धुक्याआधी हात उरकावा लागतो. फुलाचा गोंडा बाहेरून भरगच्च, हिरवागार दिसतो. त्यातलं एखादंच पान पिवळं पडलेलं असतं, हलकं ओढलं की देठासकट हातात येतं. गोंडा फोडून बघितला की आत राखाडी बुरशी आणि कुजलेला तपकिरी गाभा. बोंड फोडल्यावर आत गुलाबी अळी निघावी तसं. फंडीच्या आखाताच्या किनाऱ्याला घरं आणखी स्वस्त दिसतील, पण तिथं धुकं उन्हाळाभर असतं, म्हणून लागवडीसाठी तो किनारा सोडून दे. नदीकाठच्या आतल्या पट्ट्यात उतारावरची, सकाळचं ऊन लवकर येणारी जागा बघ. हरणं झाडं खातात, त्यामुळे कुंपण कायद्यापेक्षा उंच घातलेलं बरं.

वावर विकण्याबद्दल. हे मी सगळ्यात कळकळीनं लिहितो: विकू नको. गावातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर बहुधा लागणार नाही, पैसा बाहेर पाठवायला वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, 10 लाखांच्या वर घरासाठी पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला कर, कापतील आणि तो विवरणपत्रात वळता होईल. हे सगळं जमण्यासारखं आहे. पण एकदा अनिवासी झालास की भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते, नवी घेता येत नाही. म्हणजे आज धुऱ्यापलीकडच्या माणसाला दिलेलं वावर, परदेशी रहिवासी असेपर्यंत, तुला परत घेता येणार नाही. बटईनं दे, मक्त्यानं दे, पण सातबारा घरात राहू दे. परीक्षा, अर्ज, विमान आणि तिथले पहिले काही महिने एवढ्यासाठी जो पैसा लागेल तो नोकरी करून साठव, कमी पडला तर कर्ज काढ.

आणि गावात राहून तुरीच्या ओळीत चार झाडं लावून बघावीत असं जे तू शेवटी सहज लिहिलंस, ते डोक्यातून काढ. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा 1985 चा आहे, परवान्याशिवाय लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. असा गुन्हा नोंदला गेला तर कॅनडाच काय, कुठलाच दरवाजा उघडत नाही. इकडून भारतात येतानाही गांजा, त्याचं तेल, त्याची मिठाई, काहीच सामानात आणता येत नाही, तिकडून इकडंही नाही.

तुझ्या पत्रात बाबांचा उल्लेख सातबाऱ्यापुरताच आहे. महाशिवरात्रीची भांग आपल्याकडे चालते, पण पोरगा परदेशात गांजा लावते हे बसस्टँडवर कुणाच्या तोंडून ऐकणं त्यांना जड जाईल. त्यांना तूच सांग, सगळं सांग. पीआर झालं आणि उत्पन्नाची अट बसली की आईबाबांना सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत आणता येतं, तेही सांग. हे बोलणं झालं की तुझ्या शिक्षणाचे आणि पगारी कामाचे जे काही कागद असतील ते पाठव. कोणत्या कामात बसतोस ते मी बघतो आणि इथल्या मान्यताप्राप्त मालकांपैकी कुणाला माणूस हवा आहे ते विचारून ठेवतो.