पंप बंद, तरी ‘फॉर्म बी’ तयार

प्रश्न: ठाण्यातल्या आमच्या 16 मजली सोसायटीचा मी नवा सेक्रेटरी. जुलैचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, फायलीत आहे, पण चौदाव्या मजल्यावरचा हायड्रंट (आग विझवण्याचा नळ) उघडला तर थेंबभर पाणी नाही. सभासद वर्गणीला तयार नाहीत. ठेकेदार म्हणतो, जानेवारीचाही फॉर्म करून देतो. घेऊ, की राजीनामा देऊ?

उत्तर: तो फॉर्म घेऊ नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 च्या कलम 3 नुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादाराची, म्हणजे तुमच्याकडे सोसायटीची. जानेवारी-जुलैचा दाखला लायसन्सधारक एजन्सी देते; पण पंप बंद आहे हे ठाऊक असून तो सादर केलात, तर तो तुमचा बचाव ठरणार नाही, उलट तुमच्याविरुद्ध पुरावा होईल. कलम 36 खाली किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद आणि वर दंड. आगीत कुणी दगावले तर भारतीय न्याय संहितेचे कलम 106 (निष्काळजीपणाने मृत्यू) लागू शकते.

22 ऑक्टोबर 2021 ला लालबागच्या टॉवरला आग लागली, तिथली यंत्रणा चालत नव्हती. बरोबर तीन महिन्यांनी ताडदेवला तीच तक्रार, आणि त्या वेळी अनेक जीव गेले. दोन्हीकडे यंत्रणा बसवलेली होती, हे मला फार लागते.

बहुधा घडते असे: पाइप गळतो, दाब राखणारा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो, आवाजाच्या तक्रारी येतात, मग कुणीतरी पंपाचे पॅनेल ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर टाकतो. पॅनेल ‘ऑटो’वर ठेवून सर्वांत वरचा व्हॉल्व्ह उघडा. मुख्य पंप आपोआप सुरू व्हायला हवा आणि टोकाला दर चौरस सेंटीमीटरला 3.5 किलो दाब मिळायला हवा. फायर टाकीचे पाणी घरगुती वापराकडे वळवलेले नाही ना, तेही बघा. व्हिडिओ काढा, आकडे इतिवृत्तात नोंदवा.

मग जुलैचा दाखला देणाऱ्या एजन्सीकडे त्या दिवशीच्या चाचणीचे आकडे लेखी मागा. मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना स्वतःहून पत्र द्या, दुरुस्तीची मुदत लिहा, पोच घ्या. त्याच 2006 च्या अधिनियमाच्या कलम 6 खाली त्रुटी दूर करण्याची नोटीस आली तरी घाबरू नका. वर्गणी अडवणाऱ्यांसमोर ती ठेवता येते. पंपाचे काम दुरुस्ती निधीतून लगेच सुरू करा. कमी पडेल त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, मात्र कायद्याने घातलेले कर्तव्य सभेच्या होकारावर अवलंबून नसते, हे सूचनेतच लिहा. थकबाकी सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसूल होते.

राजीनाम्याने आजवर तुम्हाला जे कळले ते पुसले जात नाही. द्यायचाच असेल तर हे पत्र पाठवल्यानंतर द्या.