कम्प्लायन्समध्ये (कंपनी कायदे-नियम पाळते का, हे पाहणाऱ्या विभागात) नव्याने आलेल्यांसाठी
पॉलिसीची फाइल बाजूला ठेव आणि पहिला आठवडा खरेदी विभागात बस. कोटेशनं तीन, पण तिन्हींत स्पेलिंगची चूक एकच? तिन्ही एकाच हातची असू शकतात; तिथेच थांब आणि विचारपूस कर. दिवाळीच्या भेटवस्तूंची नोंदवही ठेव. साहेबांच्या घरी गेलेला सुकामेव्याचा डबाही त्यात यायला हवा.

2018च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लाच देणंही थेट गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागलीच, तर 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. हे परवान्यांसाठी सरकारी कार्यालयात खेटे घालणाऱ्या पोराला सर्वांत आधी सांग, कारण पैसे मागितले जातात ते त्याच्याकडे. आणि नकार दिल्याने काम रखडलं तर त्याला बोल लावणार नाही, हे त्याच्या साहेबाकडून लेखी घे.