आधी जमीन शोधा, मग माणसं

पूर्वी माझ्याकडे येणारे प्रश्न कुळाचे, कुलदैवताचे, फार तर मोडी कागदाचे असायचे. अलीकडे दर महिन्याला दोन-तीन पत्रं नेब्रास्का, कॅन्सस, डकोटाची असतात. कारण उघड आहे. घरात सून किंवा जावई तिकडचा असतो, नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा असतो, आणि झाडाची एक बाजू साताऱ्यात तर दुसरी अमेरिकेच्या गवताळ मैदानात गेलेली असते. तिकडच्या बाजूची पत्रं या वेळी एकत्र घेते आहे.

प्रश्न : ताई, मी ओमाहात राहते. माझ्या सासूबाईंचे पणजोबा-पणजी १८७९च्या सुमारास ‘रशिया’तून नेब्रास्कात आले आणि होमस्टेड घेतलं, असं घरात सांगतात. पण ते बोलायचे जर्मन! माझ्याकडे फक्त दोघांची नावं आहेत. सुरुवात कुठून करू?

नावांपासून करू नका, जमिनीपासून करा. एकाच नावाची सहा माणसं एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) सापडतील, पण एका तुकड्याचा पहिला मालक एकच असतो.

थोडी पार्श्वभूमी सांगते. लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३पासून तो लागू झाला. वय २१ असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे, तिलाच ‘होमस्टेड’ म्हणत. तो नागरिक असावा, किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने कोर्टात लेखी जाहीर केलेला असावा. फी साधारण १८ डॉलर. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. ते सिद्ध झालं की सरकार मालकीचा पहिला कागद देई. त्याला तिकडे ‘पेटंट’ म्हणतात. शोधाच्या पेटंटशी त्याचा संबंध नाही. आपल्या भाषेत ती सनद.

या सनदा अमेरिकेच्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या जनरल लँड ऑफिस संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. राज्य, काउंटी, नाव टाका. सनद सापडली की बरेच जण तिची प्रिंट काढून चौकटीत लावतात आणि थांबतात. सनदेत मजकूर फारसा नसतो. खरा ऐवज तिच्या मागच्या फायलीत असतो. लँड ऑफिसचं नाव, कागदाचा क्रमांक आणि जमिनीचं वर्णन उतरवून घ्या. त्यावरून वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली ‘लँड एंट्री केस फाइल’ मागवता येते. नेब्रास्काच्या फायलींचं स्कॅनिंग झालेलं आहे, त्यामुळे तुमचं काम बहुधा घरबसल्या होईल.

त्या फायलीत पणजोबांचा जबाब असेल. वय किती, कुटुंबात कोण, राहायला कधी आलात, घर केवढं, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, किती हंगाम पीक घेतलं, मधे कधी जमीन सोडून गेला होतात का आणि का. उत्तरं कारकुनाच्या अक्षरात आणि तुटक असतात, पण ‘बायको आणि चार मुलं’ एवढ्या तीन-चार शब्दांतही खूप कळतं. अटी पाळल्याचा शेवटचा पुरावा देण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागे. तीत चार साक्षीदारांची नावं असत आणि त्यांतल्या दोघांची साक्ष होई. ती चारही नावं वहीत लिहून ठेवा. साक्षीदार म्हणजे शेजारी, आणि शेजारी म्हणजे पुष्कळदा मेहुणा.

आता रशियाचं कोडं. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने १७६३च्या जाहीरनाम्याने परदेशी शेतकऱ्यांना रशियात बोलावलं. व्होल्गाकाठी, आणि पुढे काळ्या समुद्राच्या परिसरात, जर्मन खेडी वसली. या वसाहतवाल्यांना दिलेल्या सवलती १८७१ला गेल्या आणि १८७४ला सक्तीची लष्करभरती आली, तेव्हा यांतले हजारो लोक अमेरिकेच्या मैदानांकडे निघाले. तुमची मंडळी यांतलीच असण्याचा संभव मोठा आहे. १९२०च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे, तो आधी पाहा. मग ते कोणत्या चर्चचे होते ते शोधा, कारण ही माणसं गावच्या गाव, पंथच्या पंथ मिळून उठली आणि मिळूनच वसली. मूळ खेड्याचं नाव सरकारी कागदात क्वचित सापडतं, चर्चच्या वहीत पुष्कळदा सापडतं.

प्रश्न : जावयाच्या खापरपणजोबांनी कॅन्ससमध्ये होमस्टेड घेतलं होतं हे सगळे शपथेवर सांगतात. संकेतस्थळावर त्यांचं नावच नाही. घरचे खोटं बोलतात का?

खोटं नाही, अर्धवट बोलत असतील. त्या संकेतस्थळावर ज्यांना सनद मिळाली तेच दिसतात. अर्ज केला आणि पाच वर्षं निभली नाहीत, अशांची संख्या फार मोठी आहे. १८७४ला टोळांनी मैदानं अक्षरशः चाटून नेली, १८९०च्या दशकात पावसाने दगा दिला. काहींनी आपला हक्क पुढच्या माणसाला विकून गाशा गुंडाळला. अशा रद्द झालेल्या अर्जांच्याही फायली असतात. त्यांचा माग ‘ट्रॅक्ट बुक’मध्ये लागतो. कोणत्या तुकड्यावर कोणी कधी अर्ज केला आणि तो कधी रद्द झाला, याच्या या नोंदवह्या ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. पानं चाळत बसावं लागतं, चहा करून बसा.

दुसरी शक्यता रेल्वेची. सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक, विषम क्रमांकाचे सेक्शन (एक मैल चौरस तुकडे) दिले होते. कंपन्यांनी ते शेतकऱ्यांना विकले. तिसऱ्या पिढीपर्यंत ‘विकत घेतली’चं ‘होमस्टेड घेतलं’ होऊन जातं. तसं असेल तर खरेदीखत काउंटीच्या ‘रजिस्टर ऑफ डीड्स’कडे मिळेल.

आणि हो, काही जण पाच वर्षं थांबलेच नाहीत. ठरावीक मुदत राहून एकरी सव्वा डॉलर भरला की जमीन आधीच नावावर करून घेता येई. त्यांची सनद रोख खरेदीची म्हणून नोंदलेली असते. ‘होमस्टेड’ असा शब्द लावून शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

प्रश्न : सनदेवर ‘सेक्शन १४चा ईशान्य पाव, टाउनशिप ६ उत्तर, रेंज ८ पश्चिम’ असं काहीतरी आहे. गावाचं नाव कुठेच नाही. हे वाचायचं कसं?

सातबाऱ्यावरचा गट नंबर समजा, फक्त इथे गट आखणाऱ्याने ओढा, बांध, वहिवाट काही न बघता सगळी जमीन पट्टीने चौकोनी कापली. एका टाउनशिपची बाजू सहा मैल, तिचे ३६ सेक्शन. एक सेक्शन म्हणजे एक मैल बाय एक मैल, ६४० एकर. त्याचा पाव म्हणजे १६० एकर, पूर्ण होमस्टेड. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, खालच्या ओळीत उलटे फिरतात, असं नांगराच्या तासांसारखं चालत आग्नेय कोपऱ्यात ३६ला संपतात. नेब्रास्का आणि कॅन्ससमध्ये मोजमाप सहाव्या मुख्य रेखावृत्तापासून आहे.

त्यांची मोजणीची साखळी ६६ फुटी, आपली ३३ फुटी. म्हणून दोन्हीकडचा एकर नेमका एकच, ४० गुंठ्यांचा. आजोबांना ‘६,४०० गुंठे फुकट’ म्हणून सांगा, मग त्यांना त्या लोकांचं वेड कळेल.

रेंजपुढची दिशा मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. मी एकदा ‘पश्चिम’चं ‘पूर्व’ केलं आणि अख्खा दिवस भलत्याच काउंटीत कुणा परक्याच्या शेतात पूर्वज शोधत बसले.

प्रश्न : सगळ्या कागदांवर पणजोबाच आहेत. पणजी कुठेच नाही. तिचं माहेरचं आडनावसुद्धा कुणाला आठवत नाही.

या प्रश्नाची मी वाट पाहत होते. जोडपं म्हणून मैदानात गेले, बर्फात, धुळीत दोघं राबले आणि कागदावर एक उरला. अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेली बाई स्वतःच्या नावाने होमस्टेड घेऊ शकत होती. नवऱ्याबरोबर नांदणारी नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी बाईचं लग्न झालं की तिचा हक्क संपला. म्हणून पहिली सूचना अशी की तिला लग्नाआधीच्या नावाने जमिनीच्या नोंदींत शोधा. शेजारच्या पाव सेक्शनवर तिचाच क्लेम, म्हणजे जमिनीवरचा दावा, निघाल्याची उदाहरणं आहेत. नवरा मधेच वारला असेल तर पुढची मुदत विधवेने पुरी केलेली असते आणि सनद तिच्या नावाने निघते.

तसं काही नसेल तर नवऱ्याचीच फाइल पुन्हा वाचा, या वेळी तिच्यासाठी. ‘मधे गैरहजर होतात का’ या प्रश्नाला ‘हो, मजुरीला गेलो होतो, कुटुंब जमिनीवरच होतं’ अशी उत्तरं आढळतात. याचा अर्थ त्या हिवाळ्यात क्लेम तिने राखला.

माहेरचं नाव मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे तिच्या मुलांचे मृत्यूचे दाखले. त्यांत आईच्या माहेरच्या नावाचा रकाना असतो. एकाच मुलाचा दाखला पाहून थांबू नका. माहिती देणारा जावई असला तर तो काहीही सांगतो, सगळ्या भावंडांचे मागवा. नेब्रास्कात राज्य पातळीवर जन्म-मृत्यूची नोंद १९०४पासून, कॅन्ससमध्ये १९११पासून. त्याआधीचं लग्न काउंटीच्या नोंदीत आणि बाप्तिस्मा चर्चच्या वहीत. त्या साक्षीदारांची आडनावं आठवतात ना? ती इथे जुळवून पाहा.

१९००च्या जनगणनेत बायकांसाठी दोन रकाने होते: किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात. आठ आणि पाच असे आकडे दिसले की तीन छोट्या कबरी शोधायच्या राहिल्या आहेत, असं समजा. कधी त्या गावच्या दफनभूमीत असतात, कधी शेताच्याच कोपऱ्यात, दगडाशिवाय.

जुन्या वर्तमानपत्रांत ती ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव, अशीच येईल. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर तसंही शोधून पाहा.

प्रश्न : १८९०ची जनगणना कुठेच मिळत नाही.

मिळणारही नाही. जानेवारी १९२१मध्ये वॉशिंग्टनमध्ये आग लागली, तीत तिचा मोठा भाग गेला किंवा खराब झाला आणि उरलेलाही पुढे जवळजवळ सगळा नष्ट करण्यात आला. पण तुम्ही नशीबवान आहात. नेब्रास्का आणि डकोटा टेरिटरीत १८८५ला वेगळी गणना झाली होती. कॅन्ससची तर स्वतःची १८८५ आणि १८९५ अशी दोन्ही आहेत, आणि कॅन्ससवाल्या १८८५मध्ये ‘इथे कोणत्या राज्यातून आलात’ हेही विचारलं आहे.

प्रश्न : सुनेचे पूर्वज नॉर्वेचे, नॉर्थ डकोटात वसले. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन आडनावं आहेत. ती म्हणते, एलिस आयलंडच्या अधिकाऱ्याने बदललं.

एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र, आणि ही दंतकथा घराघरांत आहे. अधिकारी जहाजावरून आलेली यादी समोर ठेवून तपासणी करत, नव्याने बारसं करत नसत. शिवाय एलिस आयलंड उघडलं १८९२ला. तुमची माणसं त्याआधी आली असतील तर प्रश्नच मिटला.

मराठी माणसाला हे खरं तर लवकर कळायला हवं. नॉर्वेतल्या खेडुताला स्वतःचं नाव असे, बापाच्या नावावरून आलेलं दुसरं, आणि राहत्या शेतवाडीचं तिसरं. म्हणजे नाव, वडिलांचं नाव आणि ‘कर’! फरक एवढाच की वाडी बदलली की त्यांचं तिसरं नावही बदले, आणि लग्नानंतर बाईचं बापाचं नाव कायम राही. अमेरिकेत एकच आडनाव धरायची वेळ आली तेव्हा एका भावाने बापाचं धरलं, दुसऱ्याने वाडीचं. तीनही नावं एकाच माणसाची समजून पुढे जा. वाडीचं नाव हातात असेल तर नॉर्वेच्या ‘डिजिटलआर्किवेट’वर चर्चच्या वह्या फुकट उघडतात.

प्रश्न : ही जमीन ‘फुकट’ वाटली, म्हणजे आधी कुणाची होती? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही. आमचं शेत नेब्रास्कातल्या बिअॅट्रिसजवळ आहे.

मुलाचा प्रश्न वंशावळीचाच भाग आहे, तो टाळू नका. तुमच्या भागात ओटो-मिझुरिया हे मूळ रहिवासी लोक होते. १८५४च्या तहाने त्यांनी बहुतेक भूमी सोडली आणि बिग ब्लू नदीकाठची राखीव जमीन तेवढी ठेवली. १८८१ला तीही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. ती राखीव जमीन वसाहतवाल्यांना विकली गेली, म्हणून तुमचा तुकडा त्या हद्दीत असेल तर तो मुळात होमस्टेड नसण्याचीच शक्यता जास्त. तहाची तारीख आणि तुमच्या सनदेची तारीख एका पानावर लिहून मुलासमोर ठेवा. बिअॅट्रिसजवळच होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, १ जानेवारी १८६३ला अर्ज करणाऱ्या डॅनियल फ्रीमनच्या जमिनीवर. एक शनिवार त्याला तिथे घेऊन जा.

प्रश्न : त्या काळात एखाद्या भारतीयाला होमस्टेड मिळालं असतं का? (सहज कुतूहल.)

कायद्यात ‘नागरिक किंवा नागरिकत्वाचा इरादा’ ही अट, आणि नागरिकत्व गोऱ्यांना, १८७०पासून आफ्रिकी वंशाच्यांनाही. काही भारतीयांना न्यायालयांनी नागरिकत्व दिलं होतं, पण १९२३ला भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय त्या ‘गोऱ्यां’त बसत नाहीत असा निकाल दिला. ते दार १९४६ला उघडलं. तोवर चांगली जमीन कधीच संपली होती.

प्रश्न : उन्हाळ्यात आम्ही सगळे तिकडे जाणार आहोत. ते मातीचं घर बघायला मिळेल का?

घर नाही मिळणार. गवताच्या मुळांनी बांधलेल्या ढेकळांच्या विटा रचून केलेली ती ‘सॉड’ घरं, लाकडाचं घर परवडलं की लोक सोडून देत आणि ती पावसात विरून जात. तशी घरं कशी दिसत ते सॉलोमन बुचर यांच्या छायाचित्रांत पाहा. त्यांनी १८८६पासून नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत दारोदार फिरून कुटुंबांचे फोटो काढले. तुमची काउंटी तीच असेल तर एखाद्या फोटोत तुमचेच लोक, गाय आणि घोडे घेऊन, दारात उभे असतील.

जागा मात्र सापडू शकते. पाव सेक्शन नकाशावर नक्की करा, आजच्या मालकाला आधी फोन करून परवानगी घ्या, न विचारता कुंपण ओलांडू नका. शक्य असेल तर जुलैऐवजी मेच्या सुरुवातीला जा. शेताच्या मधोमध, आसपास काही नसताना, एखादं लायलॅकचं (सुवासिक फुलांचं) झुडूप फुललेलं दिसलं तर तिथे थांबा. ते कुणीतरी दाराजवळ लावलेलं असतं. पाय जपून टाका, जुनी विहीरही जवळच असते.