गावात पोलिसांनी पंच म्हणून बोलावलंय आणि आरोपी भावकीतला आहे. जावं का? नाही म्हणता येतं का?

तुम्ही आणखी एक विचारलंय, की पंच म्हणजे सिनेमात दाखवतात तशी ज्युरी का. ते आधी उरकतो. नाही. आपल्याकडे ज्युरी होती, टिळकांना 1908 साली 7 विरुद्ध 2 मतांनी दोषी ठरवलं ते ज्युरीनंच. पण 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच राहिली नाही. पोलिसांच्या पंचाला कुणी दोषी की निर्दोष हे ठरवायचं नसतं. डोळ्यांदेखत जे घडलं ते कागदावर तसंच उतरलंय एवढ्यासाठी त्याची सही असते, आणि पुढे कधीतरी कोर्टात तेच सांगायचं असतं. गावात मात्र लोक असं वागतात जणू निकाल तुम्हीच देणार आहात. सगळा ताप तिथून सुरू होतो.

माझं एसटी स्टँडसमोर हार्डवेअरचं दुकान आहे. अशा जागी बसणाऱ्याला पंच म्हणून बोलावणं येतंच, कारण जमादाराला गल्ला सोडून कुठे पळून न जाणारा माणूस हवा असतो. मी ज्या प्रकरणात कोर्टापर्यंत गेलो ते विहिरीवरच्या मोटारींच्या चोरीचं होतं. मोटार फोडून आतली तांब्याची तार भंगारात घालायची, हा आमच्या भागात जुना धंदा. ठाण्यात आमच्यासमोर आरोपी म्हणाला, मोटार कुठे ठेवलीय ते दाखवतो. ते त्याच्या शब्दांत लिहून घेतलं, त्याची सही झाली, आमच्या झाल्या. मग जीप निघाली. वाट त्यानं सांगायची, गाडी त्यानं थांबवायची, उसाच्या फडात पुढे तो आणि मागे आपण. हा क्रम नीट लक्षात ठेवा. पोलीस कोठडीत दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. ज्या बोलण्यामुळे वस्तू सापडली तेवढाच भाग पुराव्यात धरला जातो. त्यामुळे जागा आधी कुणी दाखवली यावरच उद्या वकील तुम्हाला घोळात घेणार.

पाचटाखालून मोटार निघाली. तिच्यावरचा नंबर लिहिला, लेबलावर आमच्या सह्या घेऊन ते चिकटवलं, सुतळी बांधून लाख लावली. बांधावर बसून हवालदारानं पंचनामा लिहिला. दुपार टळून गेली होती, तेव्हा त्यांनीच वडापाव मागवला. हे सांगतोय कारण पुढे उलटतपासणीत त्या वडापावावरही प्रश्न आला: “पोलिसांनी तुम्हाला खाऊ घातलं, हे खरं आहे?” मी हो म्हणालो. खरं होतं. बाकी प्रश्न तुम्हालाही येतील तेच: सह्या ठाण्यात बसून केल्या ना, कागद आधीच लिहून तयार होता ना, फिर्यादी तुमचं गिऱ्हाईक आहे ना, जीपमध्ये कोण कुठे बसलं होतं, फड रस्त्याच्या कोणत्या अंगाला. आठवत असेल तर सांगायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, अंदाजानं भर घालायची नाही. साक्ष सुरू होण्याआधी सरकारी वकील पंचनामा वाचायला देतात. लाजू नका, दोनदा वाचा. गुन्हा घडून तीन-चार वर्षं उलटलेली असतात.

कोर्ट अवघड नव्हतं. त्याआधीचे दिवस अवघड होते. समन्स घेऊन पोलीस दुकानात आला हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी आरोपीचे चुलते आले. खिळे हवे होते म्हणे. अर्धा किलो खिळे बांधून होईपर्यंत गप्प, आणि मग, “शेठ, तुम्हाला कुणी खोटं बोलायला सांगत नाही. फक्त आठवत नाही म्हणा. पोरगं सुधारलंय आता.” मी म्हटलं, “तात्या, कागदावर सही माझी आहे. बघितलं तेवढंच सांगणार, वर एक शब्द घालणार नाही.” त्यांनी खिळ्यांचे पैसे ठेवले आणि गेले. माझ्या जोडीचा पंच मात्र कोर्टात उभा राहून म्हणाला की त्याच्यासमोर काहीच झालं नाही, सही तेवढी घेतली. त्याला फितूर घोषित केलं. त्याच्यावर मी राग धरला नाही. त्याचं शेत आरोपीच्या शेताला लागून आहे, बांध एक, पाण्याची पाळी एक. शहरात बसून ‘साक्षीदार फितूर होतात’ म्हणणं सोपं असतं.

पण एक लक्षात घ्या. पंच फितूर झाला म्हणून केस बुडतेच असं नाही. तपासी अंमलदाराची साक्ष भरवशाची वाटली तर कोर्ट तिच्यावरही शिक्षा देऊ शकतं. मग फितुरीतून मिळतं काय? आरोपी सुटेल याची खात्री नाही, आणि शपथेवर खोटं बोलल्याचं प्रकरण मात्र आपल्यामागे लागू शकतं. चुलते पुढे वर्षभर दुकानात फिरकले नाहीत. नंतर ठिबकचे पाइप लागले तेव्हा आले, उधारीवर.

आता तुमचं. कायद्यात (आधी फौजदारी संहितेचं कलम 100, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 103) झडतीसाठी त्या भागातले दोन किंवा अधिक ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ रहिवासी बोलवावेत असं आहे. आरोपी तुमचा चुलतभाऊ असेल, किंवा फिर्यादीशी तुमचं वैर असेल, तर तुम्ही स्वतंत्र राहत नाही. जीपमध्ये बसण्याआधीच साहेबांना हे सांगा: “साहेब, हा आमच्या भावकीतला, उद्या वकील मलाच धरतील.” समजूतदार अधिकारी स्वतःच दुसरा माणूस शोधतो, कारण केस त्याची कच्ची होणार असते. नुसती भावकी, सात पिढ्यांपूर्वीचं नातं आणि लग्नाच्या पत्रिकेपुरती ओळख असेल, तर मात्र ती सबब पुढे करू नका. तसं म्हटलं तर छोट्या गावात एकही पंच मिळणार नाही.

तोंडी बोलावल्यावर नाही म्हटलं तर या कलमाखाली लगेच गुन्हा होत नाही. लेखी आदेश हातात दिल्यावरही वाजवी कारणाशिवाय नकार दिला, तर होतो. अर्थात ठाण्यातला कुणी आवाज चढवून हे सगळं उलटं सांगेल. त्याच्याशी वाद घालू नका, “लेखी द्या, येतो” एवढंच म्हणा. गंभीर गुन्ह्यांत आणि लाचेच्या सापळ्यात हल्ली सरकारी नोकरांनाच पंच घेतात, तेव्हा ग्रामसेवक, तलाठी, गुरुजी यांच्या डोक्याला तो ताप.

जायचं ठरवलं तर पूर्ण जा. कोऱ्या कागदावर सही नाही, ‘नंतर भरतो’ म्हटलं तरी नाही. जिथे गेला नाहीत तिथल्या पंचनाम्यावर तर मुळीच नाही. फितूर ठरणारे निम्मे लोक तिथेच अडकलेले असतात, असं माझं मत. 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक झालंय, शक्यतो मोबाइलवर. पंचासाठी ही चांगली सोय आहे. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही तिथे नव्हताच, तर तुम्ही त्यात दिसता. आणि कुणी घरी येऊन दम दिलाच, तर तो गिळून बसू नका, साक्षीआधी सरकारी वकिलांच्या कानावर घाला.

कोर्टातून निघताना साक्षीदाराचा भत्ता मागून घ्या. रक्कम किरकोळ असते, पण बुडालेल्या दिवसाच्या एसटीच्या तिकिटाला तरी होते. आणि वाचायला चष्मा लागत असेल तर पंचनाम्याला जाताना तो खिशात असू द्या. शेवटी ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच्याखाली तुमची सही असते. आमच्या इथल्या एका वकिलांचा साक्षीदाराला पहिला प्रश्नच हा असतो: “त्या दिवशी चष्मा होता का?”