वॉटर हीटरच्या सफाईचे ९९० डॉलर आगाऊ भरावेत का?

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओहून एका वाचकाने विचारलं आहे. गेल्या वर्षी त्यांनी घर घेतलं. गॅरेजच्या भिंतीवर बिनटाकीचा गॅस वॉटर हीटर आहे, चार वर्षांचा. आधीच्या मालकाने तो आतून एकदाही धुतलेला दिसत नाही. प्लंबिंग कंपनीचा माणूस येऊन आकडे देऊन गेला. आतले क्षार काढायचे दर वर्षी २२० डॉलर. पाच वर्षांचे आत्ताच भरले तर दहा टक्के सूट, म्हणजे ९९०. शिवाय २,८०० डॉलरचा वॉटर सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला जडपणा काढणारं यंत्र, १८ महिने बिनव्याजी. हीटर गेलाच तर नवा बसवायला ३,५०० लागतील, असंही तो म्हणाला. वाचकांच्या क्रेडिट कार्डावर २४ टक्क्यांनी ४,२०० डॉलर थकले आहेत, नोकरी एच-वन-बी व्हिसावर आहे, आणि साताऱ्याहून आई-वडील सहा महिन्यांसाठी यायचे आहेत. "एकदाच पैसे भरून मोकळा होऊ का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

नाही, ९९० डॉलर भरू नका. पण सफाई मात्र या महिन्यातच करून घ्या.

तो माणूस पाण्याबद्दल खोटं बोललेला नाही. तुमच्या शहराचं बरंचसं पाणी एडवर्ड्स अ‍ॅक्विफरमधून, म्हणजे जमिनीखालच्या चुनखडीतून येतं. त्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, गॅलनला १५ ते २० ग्रेन, म्हणजे लिटरमागे साधारण २५० ते ३४० मिलिग्रॅम. १८० च्या वर गेलं की पाणी अतिजड धरतात. असं पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना घट्ट होऊन धातूला चिकटतो. बोअरच्या पाण्यात वापरलेला हीटिंग रॉड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा पांढरा थर वेगळा सांगायला नको. तुमच्या हीटरमध्ये तो तांब्याच्या बारीक वाटांमध्ये बसतो. ज्वाळेची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी तांब्यातच कोंडते, पाणी कधी कोमट कधी कढत येतं, यंत्र मध्येच बंद पडतं आणि शेवटी तांब्याला भोक पडतं. त्या भागाची वॉरंटी १२-१५ वर्षांची असते खरी, पण क्षारांमुळे झालेलं नुकसान कंपन्या त्यात धरत नाहीत. दुसऱ्या मालकाला ती वॉरंटी लागू होते का, हेही एकदा वाचून घ्या. म्हणजे २२० डॉलर वाचवायला जाल तर ३,५०० धोक्यात घालाल.

आता सूट बघू. दर वर्षी भरलेत तर आज २२० आणि पुढची चार वर्षं २२०. आगाऊ भरलेत तर आज ७७० जास्त जातात आणि त्या बदल्यात पुढचे ८८० वाचतात. ते चार वर्षांत हळूहळू वाचतात, त्यामुळे हा परतावा वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के पडतो. तुमचं कार्ड २४ टक्के खातं आहे. तेच ७७० डॉलर कार्डावर भरलेत तर पहिल्याच वर्षी सुमारे १८५ डॉलर व्याज वाचेल. इथेच निर्णय झाला. त्यात व्हिसाची टांगती तलवार. दोन वर्षांनी दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली आणि घर विकावं लागलं, तर उरलेल्या तीन सफायांचे पैसे परत मिळतील का? ते करारात लिहिलेलं नसेल तर मिळणार नाहीत असंच धरा.

मग काय करायचं? पहिली सफाई २२० देऊन त्यांच्याकडूनच करून घ्या. चार वर्षांचा थर आहे, व्हॉल्व्ह अडकलेले असू शकतात, आणि आतली अवस्था जाणत्या माणसाने एकदा बघितलेली बरी. तो काम करत असताना शेजारी उभे राहा, फोनवर चित्रीकरण करा. हीटरखाली निळ्या-लाल मुठींचे सर्व्हिस व्हॉल्व्ह (सफाईचा पाइप जोडायला बाजूला तोटी असलेले) आहेत का ते आधीच बघून ठेवा. नसतील तर बसवून घेण्याचा खर्च वेगळा विचारा. त्यांच्याशिवाय घरी सफाई करायच्या भानगडीत पडू नका.

पुढच्या वर्षापासून मात्र हे काम तुमचं. पंप, दोन पाइप आणि बादलीचा संच १३५ डॉलरच्या आसपास येतो, व्हिनेगरचे वर्षाला वीसेक डॉलर. आधी हीटरचा प्लग काढायचा, गॅसचा कॉक बंद करायचा, थंड आणि गरम दोन्ही मुख्य व्हॉल्व्ह मिटायचे. सर्व्हिसच्या तोट्या उघडताना खाली बादली धरा. आत दाब असतो, आणि हीटर नुकता वापरला असेल तर ते पाणी चांगलंच भाजतं. पंपाचा पाइप थंड बाजूच्या तोटीला, गरम बाजूचा पाइप परत बादलीत, बादलीत चार गॅलन साधं पांढरं व्हिनेगर. पाऊण ते एक तास ते फिरू द्या. व्हिनेगर गढूळ होत जातं आणि तळाला खडूसारखा गाळ जमतो. मग व्हिनेगर ओतून द्या, थंड बाजूची तोटी बंद करून त्या बाजूचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा आणि पाच मिनिटं स्वच्छ पाणी गरम बाजूच्या पाइपातून बाहेर जाऊ द्या. पाणी आत येतं तिथली जाळीही काढून धुवा. शेवटी तोट्या बंद, मुख्य व्हॉल्व्ह उघडे, घरातला गरम पाण्याचा नळ सोडून अडकलेली हवा काढायची, आणि मगच गॅस आणि वीज सुरू. मुरियाटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड कितीही स्वस्त दिसलं तरी वापरू नका, ते तांबं खातं. व्हिनेगरजवळ ब्लीच आणू नका, विषारी वायू तयार होतो. आणि गॅसचा वास आला तर दुरुस्तीच्या फंदात न पडता घराबाहेर पडा आणि गॅस कंपनीला फोन करा.

पाच वर्षांचा खर्च असा: २२० पहिल्या सफाईचे, १३५ संचाचे, ८० व्हिनेगरचे, एकूण ४३५. प्लॅनपेक्षा ५५५ डॉलर कमी. वर्षातून एका रविवारचे दोन तास जातील. ज्यांच्याकडे ते नाहीत किंवा ज्यांना वाकून काम करणं जमत नाही, त्यांनी दर वर्षी २२० द्यावेत, त्यात काही चूक नाही. फक्त आगाऊ देऊ नयेत.

सॉफ्टनर ही वस्तू वाईट नाही; तुमच्या पाण्याला ती उपयोगीच पडेल, डिशवॉशर आणि नळही वाचतील. मला भीती त्या "बिनव्याजी" शब्दाची आहे. असे बरेचसे करार व्याज माफ करत नाहीत, फक्त पुढे ढकलतात. महिन्याला साधारण १५६ डॉलर न चुकता भरलेत तर ठीक. पण १८ महिन्यांनंतर ३०० डॉलर जरी उरले आणि करारातला दर ३० टक्के असला, तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं, ते सातशे डॉलरच्या घरात जातं. कार्ड फिटेपर्यंत हा विषय बाजूला ठेवा. नंतर रोखीने घ्याल तेव्हा स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ त्यातून वगळायला सांगा. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरमुळे पाण्यात सोडियम वाढतं, आणि आई-वडिलांपैकी कुणाला रक्तदाब असेल तर पिण्याचं पाणी वेगळं असलेलं बरं.

कार्ड शून्यावर आलं की महिन्याला २५ डॉलर वेगळ्या बचत खात्यात हीटरच्या नावाने टाकायला लागा. नीट निगा राखलेला असा हीटर वीस वर्षांपर्यंत चालू शकतो, आणि व्याज न धरताही बारा वर्षांच्या आत तुमचे ३,५०० जमलेले असतील. त्याआधी घर विकलंत तर ते पैसे तुमच्याबरोबर येतील, आणि सफाईच्या तारखा लिहिलेली वही खरेदीदाराला दाखवता येईल. ती पहिल्या सफाईच्या पावतीपासूनच सुरू करा.