मोठ्या शहरात थंडी सुरू झाली की रोजच्या जगण्यात काय बदलतं? काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच मोठ्या शहरात राहायला आलोय, थंडी तोंडावर आलीय, तर स्वेटर-ब्लँकेट सोडून अजून कसली तयारी करायची. मी बरीच वर्षं मोठ्या शहरातच राहतेय, कामाला भल्या सकाळी बाहेर पडावं लागतं, त्यामुळे मनापासून सांगते, शहरात गारठ्यापेक्षा हवेची काळजी जास्त घ्या. स्वेटरचं काय, चार दिवस कुडकुडलात की आपोआप घ्याल, हवेचं मात्र लक्षात येत नाही.

गारठा शहरात तसा कमीच लागतो. डांबर, सिमेंट, भिंती दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्रभर हळूहळू सोडत राहतात, त्यात गाड्या आणि लाखो घरांमधली उष्णता, त्यामुळे दाट वस्तीचा भाग आणि बाहेरची मोकळी जागा यांच्यात रात्री दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो. ल्यूक हॉवर्ड नावाच्या हवामान अभ्यासकाने लंडनमध्ये हे दोनशे वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं होतं. याचा उपयोग एवढाच की मोबाईलमधलं तापमान तुमच्या गल्लीचं असेलच असं नाही, ते बरेचदा कुठल्यातरी मोकळ्या जागेतल्या केंद्राचं असतं. शहराच्या कडेला राहत असाल आणि पहाटे टू-व्हीलरवर निघत असाल तर तुम्हाला आतल्या भागातल्या माणसापेक्षा एक कपडा जास्त लागेल, आणि हातमोजे तर लागतीलच.

आता हवेचं. एरवी जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम होऊन वर जाते आणि धूर-धूळ सोबत घेऊन जाते. थंडीत रात्र मोठी, आकाश निरभ्र, वारा पडलेला, मग जमीन पटकन गार होते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होऊन बसते. थंड हवा जड, ती वर जात नाही, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं आणि शहराने सोडलेला सगळा धूर त्या झाकणाखाली साठत राहतो. गाड्या तेवढ्याच असतात, फक्त धूर विरायला जागा कमी झालेली असते. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनला ५ ते ९ तारखेपर्यंत हेच झालं, कडाक्याची थंडी पडली म्हणून घराघरात कोळसा जास्त जळाला, वारा नाही, धूर वर जाईना, आणि तेव्हाच्या अंदाजाने ४,००० च्या आसपास माणसं गेली, नंतरच्या अभ्यासात तो आकडा १२,००० पर्यंत गेला. १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा आला तो यातूनच.

म्हणून सगळ्यात आधी काय बदलायचं तर सकाळी फिरायला किंवा पळायला जायची वेळ. पहाटेची हवा शुद्ध असते हे आपण लहानपणापासून ऐकलंय पण थंडीतल्या शहरात ते बहुतेक दिवशी खरं नसतं, हे साचलेपण ऊन चढून जमीन तापेपर्यंत सुटत नाही. दहा-अकरानंतर किंवा ऊन असताना दुपारी गेलात तर छातीला कमी त्रास. नोकरीमुळे जमत नसेल तर ज्या दिवशी हवा वाईट आहे त्या दिवशी पळणं सोडून घरात व्यायाम करा, कारण पळताना आपण कितीतरी पट जास्त हवा आत ओढतो. हवेचा आकडा बघताना पीएम २.५ बघा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचं प्रमाण, हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागापेक्षाही बारीक असतात आणि थेट फुप्फुसात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे, मोठ्या शहरातला थंडीतला आकडा याच्या शेजारी ठेवून बघितलात की मी एवढं का सांगतेय ते कळेल. रुमाल किंवा कापडी मास्क या कणांना फारसा अडवत नाही, एन-९५ अडवतो पण तो चेहऱ्याला कडेने घट्ट बसला तरच. दमा असेल तर हे सगळं जास्तच पाळा.

बाहेर जे होतं तेच छोट्या प्रमाणात आपण घरात करतो. गारठा नको म्हणून दारं-खिडक्या बंद, मग श्वासाची, स्वयंपाकाची, आत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ आतच राहते आणि सकाळी काचेवर पाणी ओघळतं, कपाटामागे काळी बुरशी धरते. दुपारी हवा बरी असताना दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, भिंती लगेच थंड पडत नाहीत. हीटर लावलात तर उलटा प्रॉब्लेम, ५ अंशाची अगदी दमट हवासुद्धा २० अंशापर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत येते, मग ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, त्वचा खाजते.

आणि आता जे सांगतेय ते कृपा करून हलक्यात घेऊ नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी, जनरेटर असलं काहीही नको. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो बाहेर किंवा हवेशीर जागी बसवून घ्या, भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी भांडा पण करून घ्या. ज्वलन अर्धवट झालं की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा आहे, झोपू थोडं, आणि तो उठत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग बाकीचं. हा वायू ओळखून वाजणारा अलार्म मिळतो तो घ्या. वीजेचा हीटर असेल तर एक्स्टेंशन बोर्डला लावू नका, पडद्यापासून आणि अंथरुणापासून मीटरभर तरी लांब ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात. शहरात आपण रस्त्यावर कुडकुडतो आणि पाच मिनिटांत खच्चून भरलेल्या ट्रेनमध्ये घामाघूम होतो, म्हणून एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर, वरचा चेनवाला. गाडी असेल तर टायरची हवा तपासा, तापमान दहा अंश उतरलं की दीड-दोन पीएसआय कमी होते.

घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या खोलीकडे जास्त बघा, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, हार्ट अटॅकचं प्रमाणही वाढतं. खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर सीझन बदलताना एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

शेवटी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. शहरात लोक उघड्यावर झोपतात, रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले केबिनमध्ये बसून असतात. कुणी कुडकुडायचं थांबलंय, जीभ जड झालीय, गुंगीत बरळतंय असं दिसलं तर दारू प्यायलाय समजून पुढे जाऊ नका, शरीर ३५ अंशांखाली गेल्याची ती लक्षणं असू शकतात. ॲम्ब्युलन्स बोलवा, ओले कपडे असतील तर काढून कोरडं पांघरूण घाला, अंगाखालीही काहीतरी घाला कारण फरशी उष्णता ओढून घेते, हातपाय जोरात चोळू नका, शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड काहीतरी प्यायला द्या. आणि सिक्युरिटीवाला दार लावून केबिनमध्ये शेगडी घेऊन बसलेला दिसला तर त्याला शेगडी बाहेर काढायला सांगाच, आणि सोसायटीत बोलून त्याला एखादा छोटा वीजेचा हीटर मिळवून द्या.