रोजच्या फोल्डरात पटकन पोचायचं असेल तर

भावा, उद्यमनगरातल्या कारखान्याची ड्रॉइंगं पाच फोल्डर आत आहेत म्हणून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) रोज एवढा लांब पाथ, म्हणजे फोल्डरचा अख्खा पत्ता, टाइप करत बसू नकोस. आधी टॅबची सवय लाव. नावाची दोन-तीन अक्षरं मारून टॅब दाबलास की उरलेलं टर्मिनलच भरतं. सीडी (cd) ही फोल्डर बदलायची कमांड. नुसतं सीडी म्हणजे थेट होम, तुझं स्वतःचं मुख्य फोल्डर. सीडीनंतर जागा सोडून आडवी रेघ (-) दिलीस की आधीच्या फोल्डरात परत. माझं निम्मं काम यावरच भागतं.

रोजच्या जागेसाठी मात्र टिंबानं सुरू होणाऱ्या बॅशआरसी (.bashrc) फाइलमध्ये, टर्मिनल उघडताना वाचली जाते त्या, एलियास (alias), म्हणजे लांब कमांडचं छोटं नाव, लिही. त्यातल्या बरोबरच्या चिन्हाच्या (=) अलीकडे-पलीकडे जागा सोडायची नाही, नवखे इथंच अडकतात. मग नवं टर्मिनल उघड. जुन्या खिडकीत तो लगेच चालणार नाही. आणि एलियासला एलएस (ls, फाइलींची यादी दाखवणारी कमांड) असलं नाव देऊ नकोस, मूळ कमांड झाकली जाते.